चार हात लांबून

फोन उचलला की जीप पेशंटपाशी पोचेपर्यंत तो ठेवायचा नाही, हा नियम निशातबाईंवर कुणी लादला नव्हता. त्यांनीच तो स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता, आणि आता त्याच्याच नावानं रोज बोटं मोडत होत्या. बाबूभाई म्हणायचे, "निशात, गाडी निघाली म्हणून सांग आन् ठेव. तू काय फोनमधून हात घालणार हायस?" म्हणायला सोपं. गाडी निघाल्यापासून पोचेपर्यंत तास जातो, कधी दीड. तेवढ्या वेळात माणसं गप्प बसत नाहीत हो. भाजलेल्यावर चुना थापतील, फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावतील, बेशुद्ध पोराच्या घशात तांब्याभर पाणी ओततील, आणि वरून म्हणतील, आम्ही काई कमी नाई केलं. बल्लारपूरच्या एका खासगी दवाखान्यात पंधरा वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला हे ठाऊक असल्यावर ती फोन ठेवणार तरी कशी?

तर असा तो कारभार. चिमूरच्या बस स्टँडमागं बाबूभाईंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दुकानाच्या मागं एक खोली, खोलीत टेबल, दोन फोन, भिंतीवर तालुक्याचा नकाशा आणि हवेपेक्षा आवाज जास्त फेकणारा कूलर. बाबूभाईंनी गावातल्या चार लोकांना धरून दोन जुन्या जीपा रुग्णवाहिका करून घेतल्या होत्या आणि फोनवर दोघी बायका पाळीनं बसत. दुसरी शमीम. ती भावाच्या लग्नाला गेली होती, म्हणून सहा दिवस निशातबाई दोन्ही पाळ्या एकट्याच ओढत होत्या. दोन हजार आठचा एप्रिल, सकाळचे साडेदहा, आणि अंग असं जड झालेलं की रिसीव्हर उचलायचाही वैताग. सहा दिवसांत तेवीस फोन आले होते. त्यातले किती जगले ते त्यांना माहीत नव्हतं. पेशंट गाडीत चढला की त्यांचं काम संपलं. पुढचं कुणी कळवत नाही, आणि विचारायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. विचारलं की झोप जाते.

फोन वाजला.

"हालो, गाडीवाल्या बाई हाय का जी?"

"बोला भाऊ. कुठून बोलता?"

"सावरटोल्याच्या तलावावरून. मी दादाजी, मच्छी सोसायटीचा राखणदार. आमच्या गिरजाले पान लागलं जी."

पान लागलं म्हणजे साप चावला. त्या जनावराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी इकडची रीत. निशातबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि खिडकीतून ओरडल्या, "मुन्ना! सावरटोला! साप! फुगा घे, पोचूले घे, निघ!" फुगा म्हणजे श्वास बंद पडलेल्या माणसाला हवा द्यायचा रबरी फुगा. पोचू तो दाबायला शिकलेला मदतनीस. मुन्ना ड्रायव्हर चहाचा कप तसाच ठेवून पळाला. बेचाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ जंगलातले. पाऊण तास म्हटलं तर तास लागणार, आणि त्या नऊ किलोमीटरात मुन्नाच्या मोबाईलच्या कंपनीची रेंज नाही.

"गाडी निघाली, भाऊ. आता मी फोनवरच हाय. कुठी चावलं? कसा होता?"

"उजव्या पायाले, घोट्यापाशी. जाळ्याचा ढीग उचलाले गेली, खाली बसला होता. फडा काढला होता बाई, म्या सोता पाह्यला."

नाग. निशातबाईंनी भीती आवाजात येऊ दिली नाही. तेवढं त्या शिकल्या होत्या. "पाय बांधला का?"

"हव जी, दोरीनं. आवळून."

"सैल करा, बोट जाईन इतकी. कापू नका, चोखू नका, चालवू तं बिलकूल नका. निजवा तिले. अन् त्या पायातली जोडवी काढा, पाय सुजणार हाय."

पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "नवरा जित्ता असतानी जोडवी काढाची? काय बोलते व ही बाई?"

ती दादाजीची आई मंगलाबाई, गावात मंगली म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत दमा. दादाजी तिच्यावर ओरडला, "माय, काढ म्हंते तं काढ ना!"

"तिच्या डोळ्याले दिसत नसंल तं तुम्हीच काढा ना भाऊ," निशातबाई म्हणाल्या. "टाइम जाऊन राह्यला."

"मी कसा काढू जी? मी भासरा हाय तिचा."

आता हे शहरातल्या माणसाला सांगायचं म्हणजे पंचाईत. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि धाकट्या भावाची बायको ती त्याची भावसून. या गावांमधून दोघांत चार हात अंतर असायचंच. त्यानं तिच्याशी बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही. घरात शिरायच्या आधी त्यानं खाकरायचं, की ती पदर ओढून आत जाते. तिचा हात त्याच्या ताटाला लागला तर तो जेवत नाही. यात रागलोभ काही नसतो बरं का, उलट मान असतो, आणि तो मान दोघं जिवापाड सांभाळतात. गिरजा नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, एकाच आंगणात राहिली, एकाच तलावावर मच्छी मारली, आणि दादाजीनं तिचं तोंड आजवर पाहिलं नव्हतं. निशातबाईंना ही रीत ठाऊक होती. त्यांनी स्वतःशीच कपाळाला हात लावला.

"दुसरं कोण हाय तिथी?"

कुणी नव्हतं. गिरजाचा नवरा अमर माजरीला कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडं कामाला. दादाजीची बायको, पोरगी रोशनी आणि टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्या बाया मच्छी घेऊन बाजाराला गेलेल्या. गाव तलावापासून दोन कोस. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ती एक झोपडी आणि तीन माणसं. एकाला डोळे होते पण बघायचं नव्हतं, एकीला बघायचं होतं पण डोळे नव्हते, आणि तिसरी जमिनीवर निजलेली.

"भाऊ, तुमच्या मोबाईलले मोठ्या आवाजाचं बटन हाय ना? ते दाबा अन् फोन तिच्या उशापाशी ठेवा. तुम्ही कुठी उभे राह्यले तरी मले ऐकू येईन असं बोला."

त्यानं तसं केलं. स्वतः जाऊन चार हातांवर उभा राहिला, तलावाकडं तोंड करून. ते निशातबाईंना दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज भलतीकडं जात होता त्यावरून समजलं.

मग सुरू झाली ती कसरत. निशातबाई विचारणार, म्हातारी चाचपणार, आणि जे हाताला लागेल ते सांगणार. जोडवी शेवटी गिरजानंच काढायला लावली. "काढा, आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचा लेक काई मरत नाई त्यानं." आवाज चांगला खणखणीत होता. निशातबाईंना तो आवडला. त्यांनी तिला बोलतं ठेवलं. किती पोरं, विचारलं. एक पोरगा, मामाकडं शिकाले ठेवला. आज काय रांधलं, विचारलं.

"भात अन् झिंग्याची भाजी," गिरजा म्हणाली. मग थोडं थांबून, "बाई, डोळे जड जड होऊन राह्यले. उघडा म्हटलं तरी उघडत नाई."

निशातबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. अकराला दहा कमी. हीच भीती होती. नागाचं विष आधी पापण्या पाडतं, मग जीभ, मग घसा, मग छाती. हृदय चालू असतं, आणि छातीचा भाता मात्र बंद. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडाकडं पाहून सांगा, ओठ कसे दिसतेत? निळे तं नाई ना?"

पलीकडून नुसतं खाकरणं आलं.

"दादाजी भाऊ!"

"मले नाई सांगता येत जी."

"अवो, एक डाव मान फिरवा ना!"

"बाई, मी तिच्या तोंडाकडं कधी पाह्यलंच नाई. आता निळे का काळे, मले काय समजंन?"

तो रडकुंडीला आला होता. खरं सांगायचं तर निशातबाईंनाही रडू येत होतं, पण रागानं. सहा दिवसांचा थकवा असा वर आला की वाटलं, ठेवून द्यावा फोन, जाऊ दे, माझ्या काय बापाचं जातंय. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी म्हातारीला तळहात गिरजाच्या नाकाशी धरायला सांगितला.

"येऊन राह्यला वारा, पण बारीक," मंगली म्हणाली. "तोंडातून लाळ गळते. हाक देल्ली तं बोलत नाई."

"कुशीवर करा तिले. लाळ बाहेर पडू द्या."

आता इथं निशातबाईंचं चुकलं. चुकलं ते चुकलंच. छाती बंद पडणार आणि कुणीतरी तोंडानं हवा फुंकावी लागणार, हे त्यांना समजत होतं. चार हातांवर एक धडधाकट माणूस उभा होता, पाण्याखाली दम धरून जाळी सोडवणारा मच्छीमार, ज्याच्या छातीत तिघांना पुरेल इतकी हवा. पण त्यांच्या तोंडातून आलं भलतंच. "भाऊ, आजूबाजूले एखादी बाई असंल तं हाक मारा. पाळीवर चढून पाहा. मोहफूल वेचाले बाया येत असतीन ना पलीकडं?" कारण त्यांच्याही घरात पडदा होता, त्यांच्याही जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या डोक्यातही पहिल्यांदा बाईच आली. दादाजी पळाला. लांबून त्याच्या हाका ऐकू येत होत्या, "बाई वोऽऽ! कोणी हाय का वोऽऽ!" मच्छीमाराचा गळा, तलावावरून पार पलीकडं जाणारा. पण ऊन चढल्यावर मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन घरी गेलेल्या. सात मिनिटं गेली. निशातबाई घड्याळाचा काटा बघत होत्या आणि म्हातारीला दर घडीला विचारत होत्या, "वारा?" "हाय." "वारा?" "हाय, पण लय बारीक."

दादाजी धापा टाकत परत आला. "कोणीच नाई जी."

"वारा?"

एकदम मंगलीचा आवाज फाटला, "गेली व माय! गेली माही गिरजा!" आणि तिनं रडायला गळा काढला.

"गप!" निशातबाई इतक्या जोरात ओरडल्या की दुकानातून बाबूभाई आत डोकावले. "मावशी, गप! गेली नाई ती. गळ्यापाशी बोट लावा, हनुवटीच्या खाली, बाजूले. उडते का?"

हुंदके. मग, "उडून राह्यलं काईतरी."

"मंग जित्ती हाय. फक्त छाती थकली. गाडी येईपर्यंत आपण तिच्यासाठी श्वास घेऊ. उताणी करा. मान मागं, हनुवटी वर. नाक दाबा, तोंडाले तोंड लावा अन् फुंका."

म्हातारीनं फुंकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्याला तिला स्वतःलाच खोकल्याची अशी उबळ आली की थांबेना. दम्याच्या छातीत हवा असते कुठं दुसऱ्याला द्यायला?

आता पर्याय उरला नव्हता. निशातबाईंनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. "दादाजी भाऊ, तुम्हाले फुंकाव लागते."

"नाई जी."

"ती मरून राह्यली."

"समजते जी. पण अमरले काय तोंड दाखवू? तिले काय दाखवू? ती जगली तं जलमभर त्या आंगणात कशी वावरंन? तिचा मान मी कसा मोडू?"

"मान राहीन, भाऊ, अन् ती नाई राहीन! मंग त्या मानाचं काय करता, तलावात टाकता?"

पावलं काही वाजली नाहीत. निशातबाईंना तर तो दिसतही नव्हता. चार मिनिटं, पाच मिनिटं, त्याहून जास्त श्वासाविना माणूस टिकत नाही. बेचाळीस किलोमीटरवर एक माणूस उभा आहे, त्याच्या पायाशी एक बाई मरते आहे, आणि आपल्या हातात तार सोडून काही नाही. बाबूभाई खरंच बोलत होते.

आणि मग खोकत खोकत म्हातारी बोलली. मघाशी जोडव्यांवरून भांडणारी तीच.

"इकडं ये गा," ती म्हणाली. "मी तिचा पदर टाकला तिच्या तोंडावर. आता तुले तोंड दिसत नाई. पदरावरून फुंक. तुह्या भावाची अमानत हाय, फुंक म्हंतो ना! पाप लागलं तं माह्या डोस्क्यावर. मीच जलम देल्ला तुमाले दोघाईले."

पावलं वाजली. कुणीतरी गुडघ्यावर बसलं.

जुन्या लुगड्याचा पदर पातळ असतो. हवा जाते, थोडी वाया जाते एवढंच. "नाक पदरावरूनच दाबा," निशातबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज लांबून येतोय असं वाटलं. "तोंड पूर्ण झाका. फुंका. मावशी, तुमचा हात तिच्या छातीवर ठेवा. उचलली का?"

"नाई."

"मान अजून मागं. पुन्हा फुंका."

"उचलली! उचलली बापा!"

"आता सोडा. एक, दोन, तीन, चार. फुंका. एक, दोन, तीन, चार. फुंका."

हे असं चालू झालं. एक, दोन, तीन, चार, फुंका. मिनिटाला बारा. दुसरा फोन वाजायला लागला. निशातबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. बाबूभाई मुकाट्यानं आत आले, त्यांनी तो उचलला, आणि या कारभाराच्या दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. त्यांना पलीकडच्या माणसाला काय सांगावं ते समजेना. निशातबाई मोजता मोजता कागदावर लिहून देत होत्या, "पाणी पाजू नका म्हणा", आणि पुन्हा फुंका. घसा कोरडा पडला. कूलरचा पंप अडकला आणि घामानं ओढणी मानेला चिकटली. मध्येच एकदा दादाजी म्हणाला, "बाई, चक्कर येते," तेव्हा त्या म्हणाल्या, "जोरानं नको, हळू फुंका, फुगा फुटंल असं नको." मध्येच एकदा म्हातारी म्हणाली, "गळ्यातलं अजून उडते, बाई." तेवढ्यावर निशातबाईंनी पुढची शंभर मोजणी काढली.

अकरा पस्तीसला पलीकडं टुंग टुंग वाजलं.

"बाई, याची बॅटरी..." एवढंच ऐकू आलं.

निशातबाईंनी पुन्हा लावला. बंद. मुन्नाला लावला. रेंज नाही. त्या तशाच बसून राहिल्या आणि ओठ हलत राहिले, एक, दोन, तीन, चार. बाबूभाई म्हणाले, "निशात, बंद झाला फोन." त्या म्हणाल्या, "मालूम हाय." ओठ थांबले नाहीत. तिकडं तो माणूस मोजून देणारं कुणी नसताना फुंकत असेल, की थांबला असेल, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. फोनवर बाई होती तोवर ते दवाखान्याचं काम होतं. फोन बंद पडल्यावर त्या पाळीवर फक्त एक भासरा आणि एक भावसून उरली.

साडेबाराला मुन्नाचा फोन आला. "दीदी, भेटली. नाडी हाय. पोचू फुगा दाबून राह्यला. सीधा चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन चाललो, तिथी मशीन हाय. अन् दीदी, तो भाऊ सरकतच नोता बाजूले. डोळे गच्च मिटून फुंकून राह्यला होता. आम्ही गाडी लावली, हाक देल्ली, तरी त्याले काई ऐकू नाई गेलं. धरून ओढाव लागलं."

निशातबाईंनी रिसीव्हर ठेवला, टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडल्या. बाबूभाईंनी दार ओढून घेतलं.

शमीम परत आल्यावर त्यांना पहिली सुट्टी मिळाली ती आठव्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून बाई चंद्रपूरच्या बसमध्ये बसली. कधी नव्हे ते. का, ते विचारू नका. झोप तशीही येतच नव्हती.

दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली एक माणूस उकिडवा बसला होता, चाळिशीचा, काळाभोर, खांद्यावर दुपट्टा. निशातबाईंनी विचारलं, "सावरटोल्याचे दादाजी कोणते?" आवाज ऐकताच तो ताडकन उठला आणि त्यांच्या पायाशी वाकला. त्या मागं सरल्या. "अवो, काय करता!"

गिरजाची श्वासाची मशीन तिसऱ्या दिवशी काढली होती. आता जेवते, बोलते. अमर माजरीहून आला, तो तिच्यापाशीच असतो, आत्ता औषधं आणायला गेला. हे सगळं दादाजीनं सांगितलं, पण ऐकून. तो स्वतः वॉर्डात गेला नव्हता. आठ दिवस त्या झाडाखाली.

"अमर काई बोलला का?"

"तो माह्या पाया पडला जी. मी थोरला, तो माह्या पाया पडतेच, पण असा नाई." त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. "गावातले बोलतीन ते बोलतीन, त्याचं मले काई नाई. मले तिचं हाय. बाई, एक विचारू? ती बेसुद होती ना? तिले काई ठाऊक नसंन ना?"

"काऊन?"

"ठाऊक असंन तं मी घरी नाई जात. माह्या साळ्यानं भद्रावतीले बोलावलं हाय, तिकडंच राहीन. ती माह्यासमोर रोज मान खाली घालून फिरंन, अन् दोघाईच्या मनात तेच. कसं जगावं जी असं? तलाव सुटला तं सुटला. तुम्ही आत जाऊन राह्यल्या ना, तं पाहा जरा. पण विचारू नका हां. विचारलं तं तिले समजंन."

त्या आत गेल्या. खिडकीपाशी खाट, खाली म्हातारी मंगली घोरत पडलेली. गिरजा तिशीची, रुंद कपाळाची, गळ्यावर पट्टी. निशातबाईंनी नुसतं "कशी हायस?" म्हटलं आणि ती हसली.

"तुम्हीच ना त्या, फोनवाल्या बाई? आवाजावरून वळखलं."

"हव. आठवते का तुले? आपण झिंग्याच्या भाजीचं बोललो होतो."

"त्याच्या पुढचं बी आठवते." गिरजानं खाली सासूकडं पाहिलं, ती झोपलीय अशी खात्री केली, आणि आवाज बारीक केला. "सगळंच आठवते, बाई. डोळा उघडत नोता, बोट हालत नोतं, पण कान उघडे होते. सासू रडली ते ऐकलं. तुम्ही गप म्हटलं ते ऐकलं."

निशातबाई खाटेच्या कडेला बसल्या. नर्स असून त्यांना हे सुचलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं कधीतरी, की असा पेशंट मेल्यासारखा दिसतो पण शुद्धीत असतो. वाचलेलं कामाच्या वेळी आठवतं कुठं?

"तुम्ही त्याईले बाया पाहाले धाडलं ना," गिरजा म्हणाली, "तवा मले वारा पुरत नोता. छातीवर जातं ठेवल्यावानी झालं होतं. अन् मी आतल्या आत वरडून राह्यली होती, अवो बाई, बाया कायले पाहाता? माणूस इथीच उभा हाय ना! त्याले सांगा ना! लय वरडली मी. पण तोंडातून निंघालंच नाई."

सात मिनिटं, त्यांनी स्वतः मोजलेली. "चुकलं माझं, बाई," निशातबाई म्हणाल्या. "खरंच चुकलं."

"तुमचं काय चुकलं? मले बोलता आलं असतं ना, तं मी बी आधी बाईच मांगतली असती." गिरजानं त्यांचा हात धरला. तिच्या हातात अजून जोर नव्हता. "पण एक करा. त्याईले सांगू नका मले ऐकू येत होतं म्हणून. कोणालेच नका सांगू. नऊ साल झाले, त्या माणसानं खाकरल्याबिगर कधी उंबरा नाई ओलांडला. मले समजलं हे त्याले समजलं, तं तो तोंड नाई दाखवणार आमाले. मी वळखतो त्याले."

म्हातारी कूस बदलून उठली आणि विषय तिथंच संपला. निशातबाईंनी चहा घेतला, मंगलीच्या दम्याला कोणतं औषध घ्यायचं ते सांगितलं, आणि बाहेर आल्या.

दादाजी उन्हातच उभा होता. त्यानं तोंडानं काही विचारलं नाही. नुसता त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, ज्या चेहऱ्याकडं बघायला त्याला मनाई नव्हती.

"काईच ठाऊक नाई तिले," निशातबाई म्हणाल्या. "भाजीचं बोललो तेवढंच आठवते. पुढं सगळा अंधार."

"पक्कं ना जी?"

"नर्स हाय मी, भाऊ. मले नाई समजणार तं कोणाले समजंन?"

तो मटकन खाली बसला. दुपट्ट्यात तोंड खुपसून असा ढसाढसा रडला की येणारे-जाणारे थांबले, त्यांना वाटलं याचं कुणी गेलं. निशातबाई त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"बरं झालं, बाई," तो दुपट्ट्यातूनच म्हणाला. "आता मले घरी जाता येते."